फाटकावरची पिशवी

पुढच्या दाराचा कोयंडा उखडला तेव्हा यमुना मागीलदारी, न्हाणीच्या आडोशाला पायरीवर बसून पेज जेवत होती. गरम पेज, वर तुपाचा थेंब आणि गॅसवर जाळी ठेवून भाजलेला सुका बांगडा. बाहत्तरीच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने हे खाऊ नये असं ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या आहाराच्या वर्गात बजावून बजावून सांगितलेलं होतं, म्हणूनच बहुधा त्याला आज जास्त चव होती. आधी बेल वाजली. ती तिने ऐकली. मग शेजारच्या सकिनाची हाक आली, "यमुने! गो यमुने!" तीही ऐकली. हातातला घास तोंडात घातला आणि ती मुकाट चावत बसली. उठायचं नव्हतं. दुखत-खुपत काही नव्हतं, चक्कर नव्हती, कुणावर रुसवा नव्हता. नुसतं उठायचं नव्हतं. सगळी नोकरी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड. दिवा लागला की बोला, दिवा लागला की बोला. घरी आलं की सासूची हाक, सासू गेली तर निलेशची, निलेश पुण्याला गेला तर मोबाईलची. जन्मभर ओ देत आली बाई. एक सकाळ, एकच, कुणी हाक मारावी आणि आपण ओ देऊ नये, एवढीच मेली हौस होती. सकिना आणखी दोनदा ओरडली. दुसऱ्या हाकेत तिचा आवाज फाटला. यमुनेने बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि मनात म्हणाली, जाईल आता. सकिना गेली खरी. पण परत आली ती अख्खं मंडळ घेऊन, आणि सुर्व्यांच्या हातात पहार होती.

बाहेरच्या खोलीत ती आली ती खरकट्या हाताने. दार एका बिजागरीवर लोंबत होतं. आठ-दहा माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर मंडळाच्या पांढऱ्या टोप्या, मांडवीच्या किनाऱ्यावरचा व्यायाम अर्धा टाकून धावत आलेली, पायांना ओली काळी वाळू. तिला उभी बघून नम्रता मोठ्याने रडायलाच लागली. सकिना भिंतीला टेकून खाली बसली होती, ओढणीचा बोळा तोंडात धरून. सुर्वे, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले, पहार कुठे ठेवावी ते न सुचून ती बंदुकीसारखी खांद्याला लावून उभे. त्यांच्या दुसऱ्या हातातल्या मोबाईलमधून निलेश ओरडत होता, "काका, काय झालं? आई दिसतेय का? काका!" पहिलं अर्धं मिनिट सगळे नुसते "देवा रे, देवा रे" करत होते. मग भीती उतरली आणि तिच्या जागी राग आला. तेही साहजिकच, मेलेलं माणूस पेज खाताना सापडलं तर धावत आलेल्यांनी करायचं काय? "वहिनी," सुर्वे म्हणाले, "पिशवी का नाही घेतलीत आत?" यमुना म्हणाली, "नाही घेतली." "अहो पण का?" ताप आला होता म्हटलं असतं तर त्यांनी डॉक्टर आणला असता, पडले होते म्हटलं असतं तर उचललं असतं. काहीच झालं नव्हतं, हे मात्र कुणी ऐकून घेतलं नसतं. म्हणून ती म्हणाली, "पंप चालू होता विहिरीवरचा. माडांना पाणी सोडलं होतं. ऐकूच आलं नाही काही." सगळ्यांनी माना हलवल्या. सकिनाने तेवढी हलवली नाही, ती तिच्याकडे बघत राहिली.

पिशवीचा नियम असा: मंडळातलं जे माणूस एकटं राहतं त्याच्या फाटकाला दूधवाला पहाटे दुधाची पिशवी अडकवून जातो. मंडळाने एकट्यांच्या जोड्या लावल्या होत्या, शेजारी शेजारी. सात वाजेपर्यंत पिशवी आत गेली नाही तर जोडीदाराने बेल वाजवायची, हाक मारायची, आणि ओ आली नाही तर सुर्व्यांना फोन करायचा. परटवण्याचा गंगाराम भाटकर न्हाणीत पडला आणि दोन दिवस कुणाला पत्ता लागला नाही. दुधाच्या पिशव्या फाटकावर उन्हात फुटल्या, त्यांवर माश्या घोंगावायला लागल्या, तेव्हा कुठे रस्त्यावरच्या माणसाला संशय आला. त्याच्या शोकसभेत हा नियम झाला. आणि तो सुचवला कुणी? यमुनेनेच. उभी राहून ठणठणीत आवाजात म्हणाली होती, "आपण स्वावलंबन स्वावलंबन म्हणतो, पण एकटं राहणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे." टाळ्या पडल्या होत्या. बोलताना तिच्या डोळ्यांसमोर म्हातारी माणसं होती, गुडघे धरून चालणारी, गोळ्या विसरणारी. त्यांत ती स्वतः नव्हती. पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या वर्धापनदिनाला 'मी आणि माझं स्वावलंबन' या विषयावर तिचंच भाषण ठरलेलं होतं. घ्या!

कोयंडा बसवायला सुतार येईपर्यंत माणसं घरात रेंगाळली. कुणी चहा ठेवायला आत गेलं, कुणी पाणी प्यायला. नम्रतेने रडं आवरून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ही नम्रता साठीची, सडसडीत, मंडळाच्या व्यायामाची आणि आहाराची जबाबदारी तिच्याकडे. नाचणी, कुळीथ आणि पालेभाजी यांपलीकडे जगात अन्न नाही असं मानणारी. तिने फडताळ उघडलं. सुक्या मासळीचा डबा, खाराच्या मिरच्या, आंबापोळीची चळत, गूळ. "वहिनी, हे काय हो?" एवढंच म्हणाली, पण अशा आवाजात की घरात दारूची बाटली सापडली असावी. मागे सुर्वे मोबाईल धरून उभे, आणि मोबाईलमध्ये निलेश. पोटच्या पोराने पुण्यातल्या ऑफिसात बसून आईचं फडताळ बघितलं, ओट्यावरचं कालचं भांडं बघितलं, खुंटीवरचा फाटका परकर बघितला. यमुनेला वाटलं, झाडूने हाणावं एकेकाला. भीक नको पण कुत्रा आवर! पण हाणणार कसं, सगळी जीव टाकून धावत आलेली. नम्रतेच्या एकाच पायात चप्पल होती, दुसरी वाटेत कुठे पडली तिलाही ठाऊक नव्हतं. अशा माणसांवर ओरडताही येत नाही, हीच तर मोठी पंचाईत.

एकटं राहायला हे मला शिकवणार, ती रात्री कूस बदलत म्हणाली. नवरा बोटीवर होता तिचा, वर्षाचे नऊ महिने दर्यावर, तीन महिने घरी, आणि त्या तीन महिन्यांत पाहुण्यासारखा. साखर कुठल्या डब्यात असते हेही त्याला कधी कळलं नाही. निलेशचा जन्म, सासूचं अंथरूण, कुंपणाचा गडगा पडला तो परत घालणं, चिरे आणणं, गवंड्याशी भांडणं, सगळं तिने एकटीने केलं. तेव्हा कुणी टोपी घालून टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी त्याला स्वावलंबन म्हटलं नाही, संसार म्हणत. आणि एकटीने तरी कसलं, म्हणा. गडग्यापलीकडे सकिना होती. तिचा नवरा मजीद कुवेतला. दोघी बायका, दोघींचे दादले पाण्यापलीकडे, मध्ये कमरेएवढा गडगा. निलेश तापाने फणफणला तेव्हा सकिनाने मांडीवर घेतला होता. सकिनाच्या पोराला, साकिबला, पहिली अक्षरं यमुनेने गिरवून घेतली. आणि मजीदची बातमी आली तीही यमुनेच्याच बोर्डावर. नाक्यावरच्या दुकानात सकिनाच्या नावाचा कॉल, कुवेतहून, मुंबईमार्गे. दुकानातून पोरगं सकिनाला बोलवायला धावलं, तोवर पलीकडच्या माणसाने ऑपरेटरलाच सांगून टाकलं होतं, बाई, क्रेनखाली गेला हो, जरा सांभाळून सांगा. यमुनेने काय सांगायचं? सकिनाचा धापा टाकणारा "हॅलो" कानात आला आणि ती म्हणाली, "बोला, कॉल आलाय." दुसरं काहीच बोलता येईना. ड्युटी अर्धी टाकून ती धावत घरी आली होती, आणि पुढे कित्येक दिवस दोन्ही घरांची चूल तिनेच पेटवली. त्या बाईशी आता ती त्या सकाळपासून बोलली नव्हती. हाक मारून मारून गाव गोळा केलंन! दोन मिनिटं दम धरला असता तर काय बिघडलं असतं? असं ती पुटपुटायची. मग तो फाटलेला आवाज आठवायचा, आणि ती उगाच उठून पाणी प्यायची.

तिसऱ्या दिवशी ती मांडवीला गेली, ताठ, इस्त्रीची साडी नेसून, मुद्दाम सगळ्यांच्या आधी. जेटीच्या पायऱ्या उतरताना कुणीतरी मागून तिचं कोपर धरलं. नम्रता होती. "सावकाश, हं." या पायऱ्या यमुना पोर असल्यापासून उतरत होती. तिने कोपर सोडवून घेतलं तर नम्रतेने दुसऱ्या बाईकडे बघून नुसत्या भुवया उचलल्या. हसण्याच्या व्यायामाला सगळ्यांनी गोल केला, हात वर, हा हा हा, हो हो हो, आणि यमुनेच्या दोन्ही बाजूंना दोन बायका येऊन उभ्या राहिल्या, पडली तर धरायला. नंतर सुर्वे अघळपघळ बोलत तिच्याबरोबर थोडं चालले. भाषण यंदा पुढे ढकलू या, म्हणाले, तुमच्यावर ताण नको. आणि मग, जरा घसा खाकरून, "वहिनी, आज वार कुठला हो?" ती थांबली. समुद्राकडे बघत राहिली. "सुर्वे," ती म्हणाली, "आज गुरुवार. काल बुधवार होता. तुमच्या बँकेत मी खातं उघडलं तेव्हा तुम्ही कारकून होतात आणि माझ्या आडनावातला 'ग' खाल्ला होतात. अजून काही विचारायचंय?" ते ओशाळले, हसले, पण तिला कळून चुकलं. पिशवी विसरली, हाका ऐकू आल्या नाहीत, फाडफाड बोलायला लागली, चिडचिड करते. पुण्याला फोन गेले असणार. आपण जे जे बोलू ते आता दुखणंच ठरणार, हे तिला तिथे ओल्या वाळूत उभ्या उभ्या लख्ख दिसलं. रागावलं तर म्हणणार बघा रागावते, गप्प बसलं तर म्हणणार बघा बोलत नाही. यांना सांगून टाकावं का, की ऐकलं होतं सगळं, डोकं शाबूत आहे, फक्त ओ द्यायची नव्हती? मग तर वेडीच म्हणतील. नाहीतर त्याहून वाईट, दुष्ट म्हणतील.

निलेशचा फोन संध्याकाळी आला. रविवारी येतोय, अक्षयाही येतेय, नातीच्या, दिशाच्या खोलीत तुझी सोय केली आहे. सोय! "चार दिवसांना?" तिने विचारलं. "आई, तिथे काही झालं तर मला पोचायला सात तास लागतात. त्या दिवशी दार फोडेपर्यंत मी काय काय बघितलं असेल, विचार केलायस?" तिने केला नव्हता. पण केला तरी त्याचं काय करायचं? पुण्यातला तो नववा मजला तिला माहीत होता. सकाळी सगळे गेले की दार ओढून घेतलं जातं, आणि दिवसभर लिफ्टचा आवाज मोजत बसायचं. खायला वेळेवर, गोळ्या वेळेवर, डॉक्टर खाली. तिथे कुणी तिला एकटं म्हणणार नव्हतं. हे घर, ही मागची पायरी, हवं तेव्हा भाजलेला बांगडा आणि नको तेव्हा मिटलेलं तोंड, एवढंच तिचं होतं आणि ते रविवारी जाणार होतं. एकच माणूस ते थांबवू शकत होतं, सकिना. मंडळाचा दुसरा नियम असा की एकटं माणूस राहायला धड आहे की नाही हे जोडीदाराने सांगायचं. जोडीदार हो म्हणाला तर मंडळ पाठीशी उभं राहतं, घरच्यांनाही समजावतं. शनिवारी यमुनेने खरवस करायला घेतला, अर्धा वाटीत काढला, गडग्यापर्यंत गेली. सकिनाच्या अंगणात कपडे वाळत होते. माफी मागायची का? कसली? ती वाटी घेऊन परत आली आणि खरवस स्वतःच खाल्ला.

रविवारी बाहेरच्या खोलीत सगळे जमले. निलेश दाराजवळ, नवा कोयंडा पुन्हा पुन्हा हलवून बघत, सून अक्षया सोफ्याच्या टोकाला, सुर्वे, नम्रता, आणि सकिना, नेहमीसारखी खाली सतरंजीवर, भिंतीला टेकून. अक्षया खरं म्हणजे चांगलं बोलली, म्हणाली, आई, तुम्हाला जबरदस्ती नाही, पण आमचाही जीव टांगणीला असतो. सुर्व्यांनी मंडळाची भूमिका वगैरे सांगितली आणि मग म्हणाले, "शेवटी सकिनाभाभी काय सांगतात ते महत्त्वाचं. भाभी, वहिनी एकट्या राहू शकतील?" यमुनेने सकिनाकडे बघितलं. किती दिवसांनी सरळ बघितलं. तिला खात्री होती, खोटं कशाला बोला. सगळं जग उलटलं तरी ही हो म्हणेल.

"यमुनेला काय धाड भरली नाय," सकिना म्हणाली. "डोकं तिचं तुमच्यापेक्षा बरं हाय. पन मी हो नाय बोलनार."

"भाभी?"

"माझं कोनी विचारतंय? मी पहाटे नमाज पढते नि खिडकीत बसते. तिची पिशवी हललेली दिसेपर्यंत चाय घशाखाली उतरत नाय माझ्या. रोज. पाऊस असो, ताप असो. त्या दिवशी मी हिला मेलेली धरली. ही मागं पेज जेवत होती नि मी इथं हिच्या पायरीवर रडत होते, वाचव रे अल्ला म्हनून. मी पन सत्तरीची हाय, निलेश बाबा. आता माझ्यानं नाय व्हायचं."

यमुना ताडकन उभी राहिली. "तुला कुणी सांगितलं होतं बघत बसायला?" ती म्हणाली, आणि आपला आवाज ऐकून तिलाच धस्स झालं.

"तूच," सकिना म्हणाली.

एवढ्यावर गप्प बसली असती तर कदाचित काही सावरलं असतं. पण यमुनेचं तोंड सुटलं. म्हणाली, माझं नाव काढा मंडळातून. आजपासून माझ्याकडे कुणी बघायचं नाही, ना खिडकीतून, ना किनाऱ्यावर, ना मोबाईलमधून. मेले तर वास सुटेल तेव्हा कळेल, म्युनिसिपालिटी आहे. पण या घरातून मला कुणी हलवायचं नाही, घर माझ्या नावावर आहे आणि डोकं धड आहे असं तुमच्याच साक्षीदाराने आत्ता सांगितलंय. नम्रता "वहिनी, असं नका हो बोलू" म्हणत उठली, तिला तिने हातानेच खाली बसवलं. निलेशचा चेहरा लाल झाला होता. लहानपणी बाप बोटीवर परत निघाला की व्हायचा, तसाच. तो दारातून म्हणाला, "ठीक आहे. राहा. पण आता मला कुणाचा फोन येणार नाही, हे लक्षात ठेव." ती म्हणाली, "येऊच नये." अक्षयाने वाकून नमस्कार केला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गाडी वळून गेली. सुर्वे टोपी हातात घेऊन गेले. जिंकली बाई. एकटीने सगळ्यांना पुरून उरली!

सकिना शेवटी उठली, गुडघ्याला हात लावून, भिंत धरत. उंबऱ्यावर थांबली. यमुनेला वाटलं, आता ही रडेल, मग मीही रडेन, मग संध्याकाळी उरलेल्या खरवसाची वाटी नेऊन देईन. सकिना रडली नाही. आवाज खाली आणून, बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हणाली, "तुझा पंप चालतो तेव्हा माझ्या मोरीची भिंत थरथरते. त्या दिवशी पंप बंद होता, यमुने. मी कुनाला नाय सांगितलं. नाय सांगनार." आणि ओढणी डोक्यावर सारखी करून ती गेली. यमुना खूप वेळ तिथेच उभी होती. मग दार लावलं. नवा कोयंडा घट्ट बसत होता, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी ती पाचलाच उठली. दूध घेतलं, चहा केला, आणि चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसली. कुणाची बेल नाही, कुणाचा फोन नाही. मोबाईलवर मंडळाचे शुभप्रभातचे हार-फुलांचे फोटो येत असत, तेही आले नाहीत. सुर्व्यांनी खरंच तिचं नाव काढलं होतं. हीच ती सकाळ, जिच्यासाठी एवढा तमाशा झाला. माडांतून ऊन उतरलं, कावळा येऊन गेला. बांगडा भाजावा असं काही वाटेना. पलीकडे सकिनाच्या मोरीतला नळ चालू होता, ती कपडे घासत असावी. यमुनेने कालची भांडी मागीलदारी आणली आणि घासायला घेतली. टोप जरा आपटला. मग कळशी. मग पितळी परात, जी रोजच्या वापरातली नव्हती आणि घासायची गरजही नव्हती, ती तिने चिऱ्याच्या फरशीवर अशी टाकली की वाडीतली कुत्री भुंकायला लागली. आपण हे कशासाठी करतो आहोत ते तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची तिला लाजही वाटली, तरी हात थांबेना. परात गोल फिरत फिरत शांत झाली. पलीकडचा नळ थांबला. यमुना श्वास धरून बसली, ओले हात मांडीवर. ओ द्यायची तयारी होती तिची, नुसतं "गो" म्हटलं असतं तरी. थोड्या वेळाने नळ पुन्हा चालू झाला.